माळेत नसलेल्या पुतळ्या

सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या पार गेला, ते २०२५ साल. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत, बँकेतल्या बाकड्यावर, रविवारी सकाळी चहाबरोबर एकच वाद रंगतो आहे: आजीचे दागिने ठेवायचे की मोडायचे? एका बाजूला हिशेबी मंडळी आहेत. त्यांच्या मते लॉकरमधली बोरमाळ म्हणजे झोपलेलं भांडवल. मोडा, पैसे कामाला लावा, आठवण हवीच असेल तर फोटो काढून ठेवा. दुसऱ्या बाजूला हळवी मंडळी. त्यांच्या मते पूर्वजांच्या दागिन्याला हात लावणं म्हणजे आजीचाच गळा पकडणं. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांचं गृहीतक एकच आहे. आठवण आणि उपयोग यांचं सात जन्मांचं वैर असतं, असं दोघंही धरून चालतात. मला हे वैरच खोटं वाटतं. घरातला दागिना अडीनडीला उपयोगी पडत आला म्हणून तर त्याला आठवणी चिकटल्या. जो कधीच कामाला आला नाही, त्याची आठवण तरी काय सांगणार? दागिना मोडावा की राखावा याचं एकच एक उत्तर नाही. तो कोणाचा आहे, कोणत्या कारणासाठी बाहेर निघतो आहे आणि ते कोण ठरवतंय, हे प्रश्न आधीचे. नेमके तेच या वादात कोणी विचारत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या आईच्या माहेरी पुतळ्यांची एक माळ आहे. आजीच्या लग्नात, पन्नाशीच्या दशकात, तिच्या वडिलांनी एकवीस पुतळ्या घातल्या होत्या. पुतळी म्हणजे पातळ गोल चकती, वर ठसा, डोक्याला कडी, आणि सगळ्या रेशमी दोऱ्यात ओवलेल्या. आमच्या लहानपणी त्या माळेत तेरा होत्या. दिवाळीत अभ्यंगानंतर आजी ती गळ्यात घालायची आणि आम्ही नातवंडं बोट ठेवून मोजायचो. तेरा झाल्या की आजी म्हणायची, ‘आता नसलेल्या मोजा.’ मग ती सांगायची आणि आम्ही बोटं मिटायचो. दोन बाहात्तरच्या दुष्काळात गेल्या. घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, पण बैलांना कडबा कुठून आणायचा? दोन विहिरीत गेल्या. सावकाराकडे गहाण टाकून खोदकाम केलं, पाणी काही लागलं नाही, आणि पुतळ्याही सुटल्या नाहीत. एक माझ्या आईच्या डी.एड.च्या फीला. तीन आजोबांच्या ऑपरेशनला, मिरजेत. झाल्या आठ. उरलेल्या तेरांतल्या एका पुतळीची कड घासून गेलेली आहे. तीच दर वेळी गहाण पडायची आणि दर वेळी सुटून यायची. दर वेळी सराफ तिला कसोटीच्या काळ्या दगडावर घासून बघायचा. आजी तिला ‘माझी राबती’ म्हणायची.

या माळेतल्या आठवणी कुठे आहेत? तेरा पुतळ्यांत थोड्याफार असतील. पण आमच्या घराचा खरा इतिहास त्या आठ नसलेल्या पुतळ्यांत आहे. हिशेबी माणसाला माळ दाखवली तर तो वजन विचारेल, हळव्याला दाखवली तर तो उरलेल्या तेरांना कुंकू लावेल. नसलेल्या मोजायचं दोघांच्याही डोक्यात येणार नाही. आणि हे एकट्या आमच्या घरचं वेड नव्हे, पुतळी या वस्तूचा जन्मच तसा आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर मानवी आकृत्या असत, म्हणून आपल्या मुलखात त्या नाण्याला पुतळी म्हणत. नाण्याला कडी लावून गळ्यात घातलं की दागिना, कडी काढली की पुन्हा नाणं. ज्या बाईला बाजारात जाण्याची, खातं उघडण्याची, सातबाऱ्यावर नाव लावण्याची सोय नव्हती, तिची तिजोरी तिच्या गळ्यात होती. तेव्हा दागिन्याला ‘मृत भांडवल’ म्हणणाऱ्याला मृत काय नि जिवंत काय हे ठाऊक नाही, एवढंच म्हणावं लागतं.

तरीही हिशेबी पक्षाचं जे खरं आहे ते मान्य केलंच पाहिजे, आणि ते बरंच आहे. घरात पंधरा तोळे सोनं पडून आणि पोराच्या शिक्षणासाठी बारा-चौदा टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज, अशी घरं मी पाहिली आहेत. हा शहाणपणा नव्हे. आजी असती तर तिने सगळ्यांत आधी कान उपटला असता. सोन्यात पैसा गुंतला की तो ना शेतीला मिळतो ना उद्योगाला, आणि देशाला सोनं आयात करून परकीय चलन मोजावं लागतं, हेही खरंच. ‘२०१५ मध्ये सव्वीस-सत्तावीस हजारांना मोडलं असतं तर आज पस्तावलो असतो’ हा हळव्यांचा आवडता टोला मला फसवा वाटतो. २०१२ नंतरची काही वर्षं सोनं रखडलं होतं, तेव्हा हेच लोक गप्प होते. भावाच्या चढउतारावर आठवणीचं समर्थन उभं केलं, तर भाव पडला की आठवणही पडायला हवी!

पण हिशेबी पक्षाचा हिशेब एका ठिकाणी कच्चा आहे आणि तो सरकारनेच करून दाखवला. देशातल्या घरांत सुमारे पंचवीस हजार टन सोनं असल्याचा अंदाज वारंवार दिला जातो. ते बाहेर काढण्यासाठी नोव्हेंबर २०१५ मध्ये सुवर्ण मुद्रीकरण योजना आली. सोनं जमा करा, मध्यम आणि दीर्घ मुदतीसाठी वर्षाला सव्वादोन-अडीच टक्के व्याज घ्या. नोव्हेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांत, जमा झालं सुमारे ३१ टन. हजार भागांतला जेमतेम सव्वा भाग. मार्च २०२५ मध्ये मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या ठेवी बंदच करण्यात आल्या. लोक अडाणी म्हणून योजना फसली, असं म्हणणारे विद्वान आहेतच. मला कारण साधं दिसतं. दागिना शुद्धता तपासणी केंद्रात गेला की तो वितळवायचा, आणि मुदत संपल्यावर पैसे घ्यायचे किंवा तेवढं सोनं. दागिना परत नाही. त्यासाठी सव्वादोन टक्के! ज्या बाईने पाच वेळा पुतळी गहाण टाकून पाच वेळा तीच पुतळी सोडवून आणली, तिला सोनं उपयोगात आणायला शिकवायची गरज नव्हती. ती ते आयुष्यभर करत आली होती. फक्त तिला परत येताना ‘तीच’ हवी होती. योजना आखणाऱ्यांनी भावनेला अडथळा मानलं. ती सौद्याची अट होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

‘आठवण काय धातूत असते का?’ हा प्रश्न फेकून हिशेबी लोक वाद जिंकल्यासारखे हसतात. धातूत नसते, कबूल. मग कशात असते, याचं उत्तर सराफाच्या पेढीवर मिळतं. जुनी बोरमाळ मोडायला नेली की काय होतं ते एकदा उभं राहून बघावं. आधी तिला शुद्धता मोजणाऱ्या कॅरटमीटरखाली धरतात. मणी आतून पोकळ, लाख भरलेले. लाखेचं वजन वजा. जोडांवर डाग, म्हणजे सांधायचा मिश्रधातू, दिलेला, डागात सोनं कमी; ती घट वजा. दागिन्यावर हॉलमार्क नाही, कारण सक्ती आली जून २०२१ मध्ये आणि बोरमाळ आहे पणजीच्या काळातली. मग शुद्धतेचा अंदाज सराफ सांगेल तो. घडणावळ शून्य. ज्या सोनाराने एकेक मणी वळला त्याचे कष्ट शून्य, आणि नव्या डिझाइनच्या हारावर मात्र मजुरी दहा-पंधरा टक्के, वर जीएसटी. लक्षात घ्या, मोडीच्या या हिशेबात जे-जे वजा होतं ते सगळं माणसाच्या हाताचं आहे आणि जे उरतं ते खाणीचं. आठवण असते ती या वजा झालेल्या भागात: लाखेत, डागात, घासलेल्या कडेत, दोन पिढ्यांच्या मानेने गुळगुळीत केलेल्या कडीत. फोटोत घासलेली कड दिसेलही. पण मध्यरात्री दवाखान्याच्या दारात फोटो कोणी गहाण ठेवून घेत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या देशात कुठल्याही शहरात, अगदी केरळ-तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत, सराफकट्ट्यामागच्या बोळात जुनं सोनं वितळवणारा माणूस बऱ्याचदा मराठी निघतो. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. पाऊस दगा द्यायचा म्हणून गाव सोडलं, भट्टी आणि मूस घेऊन कुठे कुठे गेले, आणि कष्टाने मोठे झाले. आईचा एक चुलत मामा त्यांतलाच. तो सुट्टीला गावी आला की सांगायचा: मुशीत टाकणखार टाकला की मळ वर येतो, चांदी मिसळून तेजाबात घातलं की सगळी भेसळ निघून जाते आणि तळाला राहतं ते तपकिरी पिठासारखं शुद्ध सोनं. ‘मुशीत गेल्यावर पंजाब्याची बांगडी कुठली आणि मद्राशाची साखळी कुठली, देवालाबी कळायचं न्हाई,’ असं तो म्हणायचा. स्वतःच्या आईची गळ्यातली सरी मात्र त्याने कधी भट्टीला लावली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, ‘मला ठावं हाय न्हवं तिथं काय हुतंय ते.’ धातूचं सत्य त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याला मी भाबडा कसा म्हणू?

आता हळव्या पक्षाकडे वळतो, कारण माझा खरा राग त्यांच्यावर आहे. आपलीच माणसं चुकीच्या कारणासाठी योग्य बाजूला उभी राहिली की जास्त चिडचिड होते. ‘आठवण आहे’ म्हणून जे जपायचं, ते हे लोक ठेवतात कुठे? लॉकरमध्ये. वर्षातून एकदा, तेही भाडं भरायला गेले तर, डबी उघडून बघतात. घालायचं भय, दाखवायचं भय. नातीला विचारा, तन्मणी आणि चिंचपेटी यांतला फरक सांगता येत नाही. हे दागिने पणजीकडे कसे आले, मधे एकदा घराबाहेर का गेले, कोणी सोडवले, काही माहीत नाही. आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने लॉकरमधला ऐवज गेला तरी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरतीच. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. आत दहा तोळे असोत की पन्नास. गोष्ट न सांगता जपलेला दागिना आणि सोन्याची वळी यांत फरक तो काय? हिशेबी माणूस दागिना एकदाच वितळवतो. हळवा माणूस तो लॉकरमध्ये वर्षानुवर्षं मुकाट वितळू देतो.

त्याहून मोठी गफलत ‘घराण्याचा दागिना’ या शब्दात आहे. घराणं म्हणजे कोण? दागिना आला बाईच्या अंगावर, बहुधा तिच्या माहेरून. पण दोन पिढ्यांत तो घराण्याचा होतो आणि घराण्याच्या वतीने बोलतो तो कर्ता पुरुष. ठेवायचा की मोडायचा या वादात दोन्हीकडून तावातावाने बोलणारे बहुतेक पुरुष असतात, हे तुम्ही पाहिलं आहे का? कायदा या बाबतीत केव्हाच स्पष्ट झाला आहे. स्त्रीधनावर संपूर्ण मालकी त्या स्त्रीची, नवऱ्याकडे किंवा सासरकडे ते सांभाळायला दिलं तरी ते विश्वस्तासारखे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं. २०२४ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात पुन्हा तेच सांगावं लागलं: लग्नाच्या पहिल्याच रात्री ‘जपून ठेवायला’ म्हणून घेतलेले नव्वदेक सॉव्हरिन (आठ ग्रॅमचा एक) सोन्याचे दागिने सासरच्या देण्यांत गेले होते. मधे एकोणचाळीस वर्षं गेली होती. जपून ठेवायला म्हणून घेतलेला दागिना कसा नाहीसा होतो, हे ज्या घरांत घडलं नाही अशी घरं मोजकीच.

यावर एक जबरदस्त प्रतिप्रश्न येतो. बायकांनी आपले दागिने मोठ्या कामासाठी दिले म्हणूनच तर कित्येक मोठी कामं उभी राहिली ना? राहिलीच. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना विकला, शेवटी मंगळसूत्रही. दादासाहेब फाळके पहिल्या मूकपटासाठी झपाटले होते तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. हे ऐकून मान झुकते. पण पुढचं बघा. वसतिगृहाचं नाव आपल्याला पाठ आहे, पटाचं नाव पाठ आहे. त्या दागिन्यांची नावं कोणाला सांगता येतील? लक्ष्मीबाईंनी पहिला कोणता विकला? तो त्यांना कोणी घातला होता? ‘सर्व दागिने दिले’ या तीन शब्दांत आपण ते सगळे एका मुशीत ओतून टाकतो. पुरुषाच्या चरित्रातली ती एक हृद्य ओळ होते, आणि बाईच्या आयुष्यातली एकवीस प्रकरणं गायब होतात.

एका बाईचा नकार मात्र नोंदला गेला आहे, तोही नवऱ्याच्या प्रांजळपणामुळे. १९०१ मध्ये गांधी दक्षिण आफ्रिकेतून हिंदुस्थानात परतायला निघाले तेव्हा तिथल्या नाताळ वसाहतीतल्या भारतीयांनी भेटींचा वर्षाव केला. त्यात कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधींची रात्र अस्वस्थ गेली. सार्वजनिक सेवेच्या मोबदल्यात काही घ्यायचं नाही, सगळ्याचा ट्रस्ट करायचा असं त्यांनी ठरवलं आणि आधी मुलांना पटवलं. कस्तुरबा अडून बसल्या. मला तुम्ही घालू देत नाही हे ठीक, पण उद्या सुना येतील त्यांचं काय? उद्याचा दिवस कसा येईल हे कोणी सांगावं? आणि हार तर मला मिळालेला आहे. गांधी म्हणाले, तो माझ्या सेवेबद्दल मिळाला. त्यावर त्यांनी विचारलं: तुमची सेवा ती माझी नव्हे का? रात्रंदिवस मी राबले ते कशात मोजायचं? गांधींनी हे सगळं आत्मकथेत लिहिलं आहे, आपण अखेर कशीबशी संमती उकळली हेही लपवलेलं नाही, आणि पुढे त्याचा पस्तावा झाला नाही असंही म्हटलं आहे. निर्णय कदाचित योग्यही असेल. त्या निधीतून लोकांची नड भागली. पण आजच्या आपल्या वादातले सगळे मुद्दे त्या एका बाईने तेव्हाच मांडले होते: पुढची पिढी, अडचणीची तरतूद आणि मालकी कोणाची. यातला ‘आठवण’ हा शब्दही तिने वापरलेला नाही. ती हिशेबच मांडत होती, आणि तो पक्का होता.

मग प्रत्येक दागिना जपावाच का? छे. इथे हळव्यांना सगळ्यांत अवघड जाणारी बाजू आहे. सगळ्या आठवणी गोड नसतात. कित्येक दागिने हुंड्याच्या यादीतून आलेले असतात. कित्येक पाटल्यांनी सुनेच्या हातावर वळ उमटवलेले असतात. असा दागिना एखादीने मोडून त्यातून स्वतःच्या नावावर स्कूटर घेतली, तर तिच्या नातेवाइकांनी ‘सासूची आठवण मोडली’ म्हणून हळहळायचं कारण नाही. तिने ती आठवण समजून-उमजूनच मोडली. आणि ज्यांच्या अंगावर सोनं येऊच दिलं नाही त्यांचं काय? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं, जातीची ओळख पटवणारं लुगडं नेसणं सोडा, ते कथला-चांदीचे, ओझ्यासारखे दागिने उतरवा. घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. ते दागिनेही आया-आज्यांकडूनच आलेले असणार. त्यांतही कोणाची तरी आठवण असणार. तरी ते उतरवणं हेच शहाणपण होतं, कारण त्या आठवणीत अपमान ओवलेला होता. परंपरेचा दागिना पवित्र म्हणून सरसकट गळ्यात घालणाऱ्यांनी महाडच्या त्या बायकांना काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवावं. माझं उत्तर सोपं आहे: ज्या गळ्याने ओझं वाहिलं त्या गळ्यानेच ठरवावं.

म्हणजे मी कोणत्या बाजूला? गहाणाच्या. हसू नका. मोडणं आणि कुलूपबंद ठेवणं यांच्यामध्ये आपल्या आज्यांनी एक तिसरी वाट मळून ठेवली होती, दागिना गहाण टाकायचा आणि सोडवून आणायचा. आज तिची लाज वाटते. गहाण म्हणजे सावकारी पाश, ही भीती खोटी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, कर्जाचे कागद जाळले, त्यामागे हीच पिळवणूक होती. आमच्या विहिरीतल्या दोन पुतळ्या तशाच बुडाल्या. पण १८७५ चा सावकार आणि आजचा परवानाधारक कर्जदाता यांत नियमांचा फरक तरी आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नवे नियम काढले आणि ते लागू करायला १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिली. त्यांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि कर्ज फिटल्यावर दागिना सात कामकाजी दिवसांत परत द्यावा लागतो; कर्जदात्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. व्याज लागतं, हप्ते थकले तर लिलाव होतो, हे धोके आहेतच. चैनीसाठी गहाण टाकणाऱ्याला मी अडवीन. पण शिक्षण, दवाखाना, धंद्याचं खेळतं भांडवल यांसाठी तो मोडण्यापेक्षा चांगला, कारण त्यात परतीचा रस्ता शिल्लक राहतो. मोडीत सौदा संपतो. गहाणात घराला एक ध्येय मिळतं: ती सोडवायची आहे. आमच्या घरात दोन वर्षं चहात साखर कमी पडायची ती एका पुतळीपायी, असं आई सांगते.

वाटणीचा प्रश्न राहिला. एक हार, तीन लेकी. मोडून तीन भाग करण्यावाचून न्याय्य मार्ग कोणता? हा मुद्दा मला पुष्कळ दिवस निरुत्तर करत होता. एकच तन्मणी असेल तर अजूनही करतो. वर्षाआड एकीकडे ठेवणं वगैरे तोडगे बोलायला बरे असतात, भावंडांत टिकतात किती ते आपण जाणतो. मात्र जुन्या दागिन्यांकडे नीट बघितलं तर त्यांतले बरेचसे वाटण्याजोगेच घडवलेले दिसतात. पुतळ्यांची माळ, बोरमाळ, मोहनमाळ, जोंधळी पोत, सगळे सुटे मणी आणि सुटी पानं. दोरा कापला की वाटणी झाली, सोनार लागत नाही, भट्टी लागत नाही, घट वजा होत नाही. एकसंध ठोकळ हार हा आताचा शौक आहे. तेव्हा लेकींची समान वाटणी आणि दागिना वाचवणं यांत भांडण लावण्याआधी दोरा कुठे सुटतो ते बघावं. वाटणीत लेकींना धरलं असेल तर, अर्थात. कित्येक घरांत सोन्याची समान वाटणी करायला सगळे तयार असतात, जमिनीचा विषय निघाला की मात्र बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. ‘तुला आईची माळ दिली ना’ हे वाक्य त्या वेळी कानावर येतं. आठवणीचा एवढा स्वस्त वापर दुसरा नसेल.

आमची माळ आजीनंतर आईकडे आली. तिच्या दोन बहिणींनी ती तिच्याकडे राहू दिली, एका अटीवर: नड तिघींपैकी कोणाच्याही घरात पडली तरी माळ सगळ्यांची. आईने शाळेतल्या जुन्या वहीत एकवीस ओळी आखल्या आहेत. पहिल्या आठ ओळी आजीने सांगितलेल्या: कोणती पुतळी, कोणत्या साली, कशासाठी, सराफाने किती दिले. राबतीच्या ओळीत पाच तारखा जायच्या आणि पाच यायच्या. गेल्या वर्षी धाकट्या मावशीच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि मावसोबांचा धंदा नेमका तेव्हाच बसलेला. मी बँकेतल्या गहाणाची भाषा सुरू केली. मावशी म्हणाली, ‘हप्ता भरायचं बळ नाही रे आत्ता. मोडूया एक.’ तत्त्वाचा माझा सगळा डोलारा तिने एका वाक्यात बाजूला सारला, आणि तिचा तो हक्क होता. तिघी बहिणींनी माळ मांडीवर घेऊन बराच वेळ निवड केली. राबतीला कोणी हात लावला नाही. एका पुतळीत सहामाहीची फी भागली.

बाराच उरल्या म्हणून माळ पुन्हा ओवायला पटवेकऱ्याकडे दिली. त्याने पुतळ्या ताटलीत मांडून पाहिल्या आणि म्हणाला, बाई, मधे पोवळी घालू का, रिकामं दिसणार नाही. आई म्हणाली, नको, आहेत तेवढ्याच ओवा. मग वही उघडली. आठ ओळींखालची नववी ओळ मोकळी होती. तिथे भाचीचं नाव लिहिलं, साल लिहिलं, भाव लिहिला. दोरा या वेळी जास्त लागला.